मॉडेल रेल्वेत डीसीसीवर परतीच्या लूपमध्ये शॉर्ट होतो. रुळांची पोलॅरिटी उलटवायला साधा स्विच चालेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला: दारव्ह्याजवळच्या गावी टेबलावर एचओ स्केलची (खऱ्याच्या 1/87) मॉडेल गाडी, डीसीसी (रुळांतूनच डिजिटल हुकूम देणारा) कंट्रोल, एका टोकाला 18 इंच त्रिज्येचा परतीचा लूप, म्हणजे गाडी फिरवून त्याच लाईनवर परत आणणारा गोल. गाडी लूपमध्ये बरोबर शिरते, फिरून मेन लाईनवर यायला लागली की कमांड स्टेशन (रुळांना वीज आणि हुकूम देणारा डबा) ट्रिप. लूपच्या एका टोकाला प्लास्टिकचे जॉइनर घातले, तरी तेच. ऑटो-रिव्हर्सर (पोलॅरिटी आपोआप उलटवणारे मॉड्यूल) महाग पडतो, म्हणून साध्या स्विचवर जमेल का? आणि इंजिनाची दिशा त्यात बसवलेला डीकोडरच (हुकूम वाचणारे छोटे सर्किट) ठरवतो, तर पोलॅरिटी उलटवायची कशाला?

जमते. एकच लूप आणि चालवणारे तुम्ही एकटे, तर मी मॉड्यूल घेणारच नाही.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे बोलू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. थ्री फेज पंपाचे दोन फेज अदलाबदल झाले की मोटार उलटी फिरते, हे आपल्याकडे शेतात पोरालाही माहीत असते. जुन्या डीसी कंट्रोलच्या मॉडेल गाडीतही तसेच होते, रुळांचे प्लस-मायनस बदलले की इंजिन मागे पळते. डीसीसीत मात्र रुळांवर कायमचे प्लस-मायनस नसतेच. तिथे चौकोनी लाट असते आणि दोन्ही रुळांचे प्लस-मायनस सेकंदाला काही हजार वेळा बदलत राहते. डीकोडर फक्त लाटेचा वेळ मोजतो. अर्धी लाट 58 मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’ वाचतो, 100 किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. कोणत्या रुळावर आत्ता प्लस आहे याच्याशी त्याला घेणेदेणे नाही. म्हणून लूपमधली पोलॅरिटी गाडी धावत असताना बदलली तरी इंजिन पुढेच जाते. डीसीत त्यासाठी गाडी थांबवावी लागायची.

म्हणजे उलटवायचे ते इंजिनासाठी नाही, रुळांच्या जोडासाठी. मेन लाईनच्या डाव्या रुळावर बोट ठेवा आणि लूपभर फिरवत न्या. परत याल तेव्हा बोट उजव्या रुळावर आलेले असेल. म्हणजे एक वायर दुसरीला जाऊन भिडली, झाला शॉर्ट. तुम्ही एकाच टोकाला तोडले, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लूपला वीज मिळत राहते आणि तोडलेल्या जागी पहिले लोखंडी चाक आले की शॉर्ट होतो. गाडी उलट बाजूने शिरवून पाहा, आत जातानाच ट्रिप होईल. तेव्हा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर, अशा चार गॅप हव्यात. प्रत्येक टोकाच्या दोन गॅप समोरासमोर ठेवा, मागेपुढे नको.

या दोन टोकांमधला तुकडा गाडीपेक्षा लांब पाहिजे. याकडे कोणी लक्ष देत नाही आणि मग मॉड्यूलला शिव्या घालतात. गाडीचे पुढचे लोखंडी चाक बाहेर पडायच्या गॅपवर आणि मागचे आत शिरायच्या गॅपवर एकाच वेळी असेल, तर कोणताही स्विच दोन्हीकडची पोलॅरिटी एकदम जुळवू शकत नाही. एचओत आयसीएफ डबा सुमारे 25-26 सेंमी आणि डब्ल्यूडीएम-2 इंजिन सुमारे 20 सेंमी. चार डब्यांची गाडी सव्वा मीटरच्या आसपास जाते. 18 इंच त्रिज्येचे पूर्ण वर्तुळ पावणेतीन मीटरच्या वर भरते, त्यामुळे गॅप पॉइंटच्या (रूळ जिथे दोन वाटांना फुटतो तो सांधा) दोन पायांना लागूनच घेतल्या तर तुम्हाला जागाच जागा आहे. पुढे शकुंतला (मूर्तिजापूर-यवतमाळची नॅरोगेज गाडी) करायची म्हणता, तिला तर याहून कमी लागेल. तिचा गेज 762 मिमी, 87 ने भागला की पावणेनऊ मिमी, म्हणजे 9 मिमीचा तयार ट्रॅक चालतो. (1994 पर्यंत तिला वाफेचे झेडडी इंजिन ओढायचे. दारव्ह्याच्या माणसाने तेच करावे, डिझेल नको.)

आता स्विच. 6 पायांचा डीपीडीटी टॉगल (दोन वायरी एकदम पलटवणारा स्विच) घ्या, अमरावतीत किंवा नागपूरला सीताबर्डीत सहज मिळतो. मधल्या दोन पायांवरून लूपच्या दोन रुळांना वायर. एका टोकाच्या दोन पायांवर मेन लाईनच्या दोन वायरी, आणि तिथूनच दुसऱ्या टोकाच्या दोन पायांना तिरप्या, एकमेकींना ओलांडून. बस्स. लूपला दुसरीकडून कुठूनही वीज जाऊ देऊ नका.

पण टॉगल वेगळा ठेवला की एक दिवस तो पलटवायचा राहतोच. त्यापेक्षा पॉइंटलाच बांधा. गाडी लूपमध्ये सरळ पायाने शिरली तर वळणाच्या पायाने निघते, म्हणजे बाहेर काढण्याआधी पॉइंट पलटवावाच लागतो. पोलॅरिटीही नेमकी तेव्हाच बदलायची असते. टेबलाखाली पॉइंटच्या सरकपट्टीच्या बरोबर खाली डीपीडीटी स्लाईड स्विच बसवा. स्विचच्या दांडीला बारीक भोक पाडून 1 मिमीच्या आतबाहेरची स्प्रिंग स्टीलची तार त्यातून वर पॉइंटपर्यंत न्या, आणि टेबलाच्या कडेपर्यंत सायकलच्या स्पोकचा ओढा. ओढले की पॉइंट आणि पोलॅरिटी दोन्ही एकदम. स्विच पॉइंटपेक्षा जरा जास्त सरकतो, ते जास्तीचे अंतर तार वाकून सांभाळते. पलटताना दिवा एकदा मिचकावेल, साउंडचे इंजिन असले तर आवाज क्षणभर तुटेल. चालायचेच. फ्रॉगला (पॉइंटमधले दोन रूळ एकमेकांना ओलांडतात तो तुकडा) वीज द्यायची असेल तर त्याला निराळा स्विच लागेल.

स्लाईड स्विच नाजूक असतात, शॉर्टचा करंट फार वेळ सोसत नाहीत. लूपच्या एका वायरीत सिरीजमध्ये ट्रॅक्टरच्या ब्रेक लाईटचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब घाला. शॉर्ट झाला की तो भक्कन पेटतो आणि करंट दोन अँपिअरच्या आसपास अडवतो. पुढे कधी ऑटो-रिव्हर्सर लावला तर मात्र हा बल्ब काढा, कारण ते मॉड्यूल शॉर्ट ओळखूनच पलटते आणि बल्ब त्याला शॉर्ट नीट दिसूच देत नाही. त्याची ट्रिपची मर्यादाही कमांड स्टेशनपेक्षा खाली ठेवावी लागते, नाहीतर स्टेशन आधी बसते. घरची पोरे चालवणार असतील किंवा कॉम्प्युटरवरून गाड्या सोडायच्या असतील, तर मॉड्यूलचे पैसे वसूल होतात.

गाडी सोडण्याआधी मीटर एसीवर ठेवा आणि एक टोक गॅपच्या अलीकडे, दुसरे त्याच रुळावर पलीकडे टेकवा. जुळले असेल तर जवळजवळ शून्य, उलटे असेल तर भरपूर व्होल्ट. साधा मीटर डीसीसीचा आकडा बरोबर दाखवत नाही, पण इथे आहे-नाही एवढेच पाहायचे आहे. पॉइंटच्या दोन्ही स्थितींत, ज्या पायाकडे तो वळला आहे त्या बाजूच्या दोन्ही गॅप तपासा. दोन्हीकडे उलटेच निघाले, तर स्विचच्या मधल्या दोन वायरी अदलाबदल करा.

आणि गॅप आत्ता हिवाळ्यात कापत असाल तर रिकाम्या सोडू नका. टिनाखालच्या खोलीत जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यात 30 अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यात मीटरभर निकेल सिल्व्हरचा रूळ अर्धा मिलिमीटर वाढतो. बारीक करवतीचा काप तेवढाच असतो. प्लास्टिकचा तुकडा घालून एपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर कानशीने रुळाच्या आकारात घासा. उरलेल्या साध्या जॉइनरांमध्ये रुळांना वाढायला थोडी फट ठेवा.