‘डेड पोएट्स सोसायटी’चं विश्लेषण: दृश्य, नाट्य आणि वाङ्मयीन घटक एकत्र कसे बांधू?

प्रश्न: मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ‘डेड पोएट्स सोसायटी’ हा शाळेवरचा चित्रपट घेतलाय. दृश्य, नाट्य आणि वाङ्मयीन घटक असे तीन मथळे दिलेत. प्रत्येकाखाली मुद्द्यांची यादी तयार आहे, पण वाचताना ती यादीच वाटते. काय करू?

उत्तर:

यादी फाडू नका, पण बाजूला ठेवा. अडचण तुमच्या मुद्द्यांची नाही, मथळ्यांची आहे. ‘कॅमेरा खालून वर बघतो’ हे दृश्यात गेलं, ‘टॉडला (वर्गातल्या बुजऱ्या मुलाला) धीर येतो’ हे नाट्यात गेलं आणि ‘व्हिटमनच्या कवितेची ओळ’ वाङ्मयात गेली. पण या तिन्ही गोष्टी पडद्यावर एकाच क्षणी घडतात. त्या तीन पानांवर विखुरल्या की तपासणारा म्हणणारच, बरं, मग पुढं?

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझी नजर त्या बाजूची आहे हे आधीच सांगतो. आणि आपल्या गावात चित्र, नाटक आणि सिनेमा यांच्यात भिंत घालायचं कारणही नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर ही जोडी आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायची. त्याच हातांनी पुढं बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. तेव्हा कोणी विचारलं नसेल की यातलं दृश्य कुठलं आणि नाट्य कुठलं.

माझा सल्ला एवढाच: चित्रपटातली एक वस्तू धरा आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठं कुठं येते, तिच्यावर कोण, तिच्यामागं कोण, तिच्यापुढं कोण, हे बघत चला. मी टेबल धरीन. मुलांची डेस्कंही त्यातच आली.

थोडी पार्श्वभूमी, प्रकल्पात लागेलच. चित्रपट १९८९चा, दिग्दर्शक पीटर वीअर, छायाचित्रण जॉन सील, संगीत मॉरिस जार. कथा १९५९ सालच्या वेल्टन या मुलांच्या निवासी शाळेत घडते. पटकथा टॉम शुल्मन यांची आणि तिला ऑस्कर मिळालं. ती मूळ पटकथा आहे. याच नावाची कादंबरी बाजारात मिळते, ती चित्रपटावरून लिहिलेली आहे. ‘कादंबरीवर आधारित’ असं तुमच्या प्रकल्पात चुकूनही येऊ देऊ नका, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आता टेबल. नवे शिक्षक जॉन कीटिंग (रॉबिन विल्यम्स) एका तासाला आपल्या टेबलावर चढतात आणि मुलांनाही एकेक करून चढायला लावतात, का तर वरून जग वेगळं दिसतं. आम्हा नाटकवाल्यांच्या भाषेत ही ‘लेव्हल’. रंगमंचावर जो उंचावर, सत्ता त्याची. चित्रपटाच्या सुरुवातीच्या समारंभात मुख्याध्यापक नोलन पुढं उभे आहेत, मुलं ओळीनं खाली बसली आहेत, हातात परंपरा, सन्मान, शिस्त, उत्कृष्टता असे फलक. तिथं वर जायचा हक्क कोणाचा, हे ठरलेलं आहे. कीटिंग तो हक्क वाटून टाकतात. संवाद बंद करून हे दोन प्रसंग पाठोपाठ बघा, अर्थ तेवढ्यातच कळतो.

दुसरं टेबल दिसत नाही, त्याचं सामान दिसतं. टॉड अँडरसनला (इथन हॉक) वाढदिवसाला आईवडिलांनी टेबलावर ठेवायचा लेखनसंच पाठवलाय, गेल्या वर्षी पाठवला होता अगदी तोच. त्याच्या खोलीतला नील पेरी (रॉबर्ट शॉन लिओनार्ड) त्याची थट्टा करत करत त्याला तो संच पुलावरून खाली भिरकवायला लावतो. प्रसंग विनोदी आहे आणि म्हणूनच नेमका आहे. आईवडिलांनी मुलाला लिहायची साधनं दिली, पण तो काय लिहील याची चौकशी केली नाही, हे कोणी बोलून दाखवत नाही. त्या फेकण्यात ते सगळं येतं. नाट्यात्मक घटक लिहिताना विद्यार्थी मोठे प्रसंग घेतात, आरडाओरड, रडारड. असले बारके प्रसंग घ्या.

तिसरं टेबल नीलच्या वडिलांचं, घरातल्या अभ्यासिकेतलं. नीलला नाटकात काम करायचंय, वडिलांना तो डॉक्टर व्हायला हवाय. नाटकाच्या रात्री ते त्याला घरी आणतात आणि शाळा बदलायचा निर्णय ऐकवतात. त्यानंतर नील स्वतःचा शेवट करतो तो त्या टेबलापाशी. वीअर तो क्षण दाखवत नाहीत. आपल्याला वडिलांची जाग दिसते, शोध दिसतो आणि मग टेबलाच्या कडेला जेवढं दिसायला हवं तेवढंच. ज्या वस्तूवर उभं राहून मुलगा मोकळा झाला होता, तशाच वस्तूमागं तो पडलेला आहे. हे योगायोगानं झालं असं मला वाटत नाही, पण दिग्दर्शकाच्या मनात काय होतं यावर वाद घालू नका. पडद्यावर काय आहे ते लिहिलं की पुरतं.

याच रात्रीच्या प्रसंगात एक छोटी गोष्ट आहे, तिच्यासाठी मी या चित्रपटाला बरेच दोष माफ करतो. झोपण्याआधी वडील आपल्या सपाता पलंगाजवळ नीट जुळवून ठेवतात. संवाद नाही, काही नाही. ज्या माणसाला सपातासुद्धा ओळीत लागतात, त्याला मुलगा ओळीबाहेर गेलेला कसा सोसेल? स्वभावचित्रण म्हणून चार वाक्यं लिहिण्यापेक्षा या एका कृतीचं वर्णन करा.

चौथं टेबल वर्गातलं नीलचं रिकामं डेस्क. कीटिंग त्यातून कवितांचं जुनं पुस्तक काढतात आणि कोसळतात. पाचवं नोलन यांच्या कार्यालयातलं, जिथं मुलांना एकेक करून बोलावून नीलच्या मृत्यूसाठी कीटिंगना दोषी ठरवणाऱ्या कागदावर सही करायला लावतात. टॉडचे आईवडीलही तिथं बसलेले. हे टेबल चढायचं नाही, त्यावर वाकायचंय. आणि मग शेवटचा प्रसंग, जो सगळ्यांना पाठ असतो: नोकरी गेलेले कीटिंग आपलं सामान न्यायला येतात, टॉड डेस्कवर चढतो आणि ‘ओ कॅप्टन, माय कॅप्टन’ म्हणतो. कॅमेरा मुलांना खालून बघतो आणि कीटिंगना वरून. आतापर्यंत ज्यांच्याकडं मान वर करून बघावं लागत होतं, ते आता खाली उभे आहेत, आणि तरी प्रसंग त्यांच्या पराभवाचा वाटत नाही. इथं उंची आदर दाखवायला वापरलीय. नाटकात मी ही लेव्हल अशी उलटी वापरलेली फार कमी बघितलीय.

हे सगळं लिहिताना तुमचे तीनही मथळे आपोआप येऊन गेले, लक्षात आलं का? एखादं उपशीर्षक द्यायचंच असेल तर ‘उंची’ द्या.

वाङ्मयीन घटकाकडं मात्र स्वतंत्रपणे बघावं लागेल, कारण तिथं बहुतेक प्रकल्प फसतात. ‘चित्रपटात व्हिटमन, हेरिक, थोरो, फ्रॉस्ट आणि शेक्सपिअरचे संदर्भ आहेत’ ही नोंद झाली. त्या कविता मुळात काय म्हणतात आणि कीटिंग त्यांचं काय करतात, हे बघितलं की विश्लेषण सुरू होतं.

फ्रॉस्ट घ्या. मुलांना अंगणात चालायला लावून, थोड्याच वेळात सगळ्यांची पावलं कशी एका तालात पडू लागतात हे दाखवल्यावर कीटिंग फ्रॉस्टच्या कमी मळलेल्या वाटेच्या ओळी म्हणतात. म्हणजे स्वतःची वाट धरा. पण मूळ कवितेतला प्रवासी आधी कबूल करतो की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच झिजलेल्या होत्या. ‘मी वेगळी वाट धरली’ ही गोष्ट तो पुढं कधीतरी उसासा टाकून सांगणार आहे. कीटिंगनी कवितेतला हा संशय काढून टाकला आणि घोषणा ठेवली. व्हिटमनचंही तसंच. ‘ओ कॅप्टन, माय कॅप्टन’ ही त्याची कविता १८६५ सालची, लिंकनच्या हत्येनंतरची. तीत जहाज सुखरूप बंदरात येतं, पण कप्तान डेकवर मरून पडलाय. कीटिंग पहिल्या तासाला हसत हसत सांगतात की मला असं हाक मारा. शेवटी टॉड ती हाक मारतो तेव्हा कवितेतला तो मृत्यू परत येतो, फक्त मेलाय तो कप्तान नव्हे, नील. ओळ तीच राहते, अर्थ बदलतो, आणि तो बदल नाटकानं घडवलाय, कवितेनं नाही.

सगळ्यात चांगला वाङ्मयीन दुवा शेक्सपिअरचा आहे. नील ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये पक या खोडकर यक्षाचं काम करतो. पकचं शेवटचं भाषण प्रेक्षकांची माफी मागणारं असतं: आम्ही सावल्या तुम्हाला खटकलो असू तर हे सगळं स्वप्न समजा. नील ते म्हणतो तेव्हा वडील मागं उभे आहेत. शेक्सपिअरनं प्रेक्षकांसाठी लिहिलेली माफी इथं एका मुलाची एका बापाकडची याचना होते, आणि बाप ती स्वीकारत नाही. पुढं घरी नील पकचा तोच काटक्यांचा मुकुट घालून उघड्या खिडकीत उभा राहतो. दृश्य, नाट्य, साहित्य वेगळं करून दाखवा म्हणावं इथं.

फाडलेल्या पानांचा प्रसंग तुमच्या यादीत असेलच. कवितेचा मोठेपणा आलेख काढून मोजावा असं सांगणारी डॉ. प्रिचर्ड यांची प्रस्तावना मुलं फाडतात (हे प्रिचर्ड काल्पनिक, संदर्भग्रंथात शोधू नका). त्याचा परतावा शेवटच्या प्रसंगात आहे. नोलन वर्ग घ्यायला येतात, तीच प्रस्तावना वाचायला सांगतात आणि पानं कुणाच्याच पुस्तकात नाहीत. नाट्यरचनेत याला पेरणी म्हणतात. नोलन स्वतःचं पुस्तक पुढं करतात, हेही नोंदवा. व्यवस्थेकडं जादा प्रत असतेच.

रंग आणि आवाज थोडक्यात उरका. कथा शरद ऋतूत सुरू होते, तपकिरी-पिवळ्या प्रकाशात, आणि बर्फाच्या निळसर पांढऱ्यात संपते. वीअरनी चित्रण बरंचसं कथेच्या क्रमानं केलं, त्यामुळे मुलांमधली जवळीकही पडद्यावर क्रमानं वाढलेली दिसते. पाखरांच्या थव्याचा कलकलाट आणि लगेच जिन्यावरून उतरणाऱ्या मुलांचा गलका, ही जोड कानानं पकडा. सुरुवातीच्या मिरवणुकीतली बॅगपाइप शेवटच्या संगीतात पुन्हा ऐकू येते, पण आता ती शाळेच्या बाजूनं वाजत नाही.

पटकथेबद्दल एक माहिती उपयोगी पडेल. शुल्मन यांच्या आधीच्या मसुद्यात कीटिंग यांना जीवघेणा आजार होता. वीअरनी तो काढायला लावला. आजार राहिला असता तर मुलं मरणाऱ्या माणसासाठी डेस्कवर चढली असती, म्हणजे दयेपोटी. आता ती एका विचारासाठी चढतात.

शेवटी तुमचं स्वतःचं मत हवं, नुसती स्तुती चालणार नाही. माझं मत असं: नीलच्या वडिलांवर चित्रपट अन्याय करतो. ते श्रीमंत नाहीत, मुलाला इथवर आणायला त्यांनी पोटाला चिमटा घेतलाय, हे संवादांत ऐकू येतं, आणि मग चित्रपट ते विसरून जातो. आपल्याकडं नीटच्या क्लासची फी भरून मुलाला कोल्हापुरात खोलीवर ठेवणारे पालक बघितले की हा माणूस खलनायक वाटेनासा होतो. वेल्टन कुणाची शाळा आहे हा प्रश्नही चित्रपट विचारत नाही. दसरा चौकाच्या आसपासची बोर्डिंगं बघा. १९०१ पासून शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली ती ज्यांना शाळेचं दार बंद होतं त्यांना आत घ्यायला. वेल्टनचं वसतिगृह आधीच आत असलेल्यांना आणखी वर चढवायला आहे. कीटिंगचं बंड त्या भिंतींच्या आतलंच. हा मुद्दा तुमच्या वर्गात दुसरं कोणी लिहिणार नाही.

शब्दमर्यादा कमी पडली तर नॉक्स हा विद्यार्थी आणि क्रिस ही मुलगी यांचं प्रेमप्रकरण खुशाल गाळा. चित्रपटाचा सगळ्यात कच्चा भाग तोच, आणि पार्टीत झोपलेल्या मुलीचं चुंबन घेणं हे धाडस म्हणून दाखवलंय, ते आज बघवत नाही. त्या जागी कॅमरन या वर्गमित्राला एक परिच्छेद द्या. तो शाळेला फितूर होतो, शेवटी बसूनच राहतो, आणि तसा तो एकटा नाही. वर्गातली बरीच मुलं बसलेलीच असतात. प्रसंग थांबवून ती कोण ते बघा आणि नावं माहीत असतील तेवढी लिहा.