व्याकरणाचे पुस्तक घेण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. बीएडचा निकाल लागला, आता शिक्षक भरतीच्या तयारीला लागायचे आहे, तर इंग्रजी व्याकरणाचे कोणते पुस्तक घेऊ, असे तू विचारले आहेस. पुस्तकाचे नाव मी आज सांगणार नाही. आपल्या राज्यात इंग्रजीचा शिक्षक ज्या परीक्षेच्या गुणांवर निवडला जातो, त्या परीक्षेत इंग्रजीचा वाटा किती असतो, हे तू अजून पाहिलेले दिसत नाहीस.

शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजेच टीएआयटी, ही 200 प्रश्नांची आणि दोन तासांची असते. त्यांतील 120 प्रश्न अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. अभियोग्यतेत गणितीय क्षमता, वेग आणि अचूकता, मराठी भाषिक क्षमता, अवकाशीय क्षमता, कल आणि आवड, समायोजन अशी मंडळी बसलेली असतात आणि त्यांच्या रांगेत इंग्रजी भाषिक क्षमता हीही एक असते. गणिताच्या उमेदवारालाही हीच प्रश्नपत्रिका आणि इंग्रजीच्या उमेदवारालाही हीच. एका प्रश्नाच्या वाट्याला 36 सेकंद येतात. येथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते, गुणानुक्रम तेवढा असतो. त्यामुळे भाषेचा जाणकार उमेदवार बुद्धिमत्तेतल्या सांकेतिक भाषेच्या आणि क्रमश्रेणीच्या प्रश्नांवर मागे पडतो, आणि त्याला आपले काय चुकले हे निकालानंतरही कळत नाही. मला ही रचना फारशी पटत नाही. परंतु पटत नाही म्हणून तुझे गुण वाढणार नाहीत. 2023 ची चाचणी आयबीपीएस या बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत संगणकावर झाली, तेव्हा बँकेच्या परीक्षांची तयारी केलेल्यांना ती ओळखीची वाटली. तेव्हा रोजच्या अभ्यासातला पहिला तास, डोके ताजे असताना, घड्याळ लावून बुद्धिमत्तेला दे.

टीईटीविषयी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेविषयी, थोडक्यात सांगतो. ती पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर द्यावा लागतो. 150 प्रश्न, 150 गुण, आणि पात्रतेसाठी 60 टक्के, मागासवर्गीय उमेदवारांसाठी 55 टक्के. तू मराठी ही पहिली भाषा घेतलीस तर इंग्रजी दुसरी येईल, म्हणजे 30 गुणांची. सामाजिक शास्त्रांचा गट मात्र 60 गुणांचा आहे, आणि इंग्रजी घेऊन बीए झालेल्या मुली नेमक्या तेथेच अडकतात. इतिहास-भूगोलाची शालेय पाठ्यपुस्तके त्यासाठी पुन्हा उघडावी लागतील.

आता इंग्रजीकडे वळू. पुस्तकातले नियम क्रमाने पाठ करण्याऐवजी आपण मराठी माणसे जेथे हमखास घसरतो त्या जागांची एक वही कर. उदाहरणार्थ, आपण म्हणतो, ‘मी दोन वर्षांपासून शिकवते’, आणि ‘मी 2023 पासून शिकवते’. मराठीत ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, म्हणून तोंडातून सहज ‘सिन्स टू इयर्स’ निघून जाते. इंग्रजीला मात्र कालावधीसाठी ‘फॉर’ आणि आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ हवा असतो. शिवाय क्रियापदही साध्या वर्तमानात ठेवून चालत नाही. दुसरी जागा म्हणजे अप्रत्यक्ष कथन. ‘ती म्हणाली, की मी उद्या येते’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. बोलणारीचा ‘मी’ आपण तसाच ठेवतो. इंग्रजीत तो ‘मी’ बदलून ‘ती’ होतो, काळ एक पायरी मागे जातो आणि ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो. तिसरी जागा आर्टिकल्सची. मराठीत ती नाहीत असे सांगून आपण मोकळे होतो, पण त्यांचे काम मराठीत पुष्कळदा शब्दक्रम करतो. ‘मांजर दारात आले’ म्हटले की ते ओळखीचे मांजर असते, आणि ‘दारात मांजर आले’ म्हटले की कुठले तरी. पहिल्याला ‘द’, दुसऱ्याला ‘अ’. हे एकदा मनात बसले, की रिकाम्या जागा भरताना नियम आठवत बसावे लागत नाही. अशा तीस-चाळीस जागा तुझ्या तुलाच सापडतील.

ही वही परीक्षेपुरती ठेवू नकोस. पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर काही संस्था मुलाखतीसह पदभरती करतात, आणि तेथे अध्यापन कौशल्यही पाहिले जाते. माझ्या पहिल्या मुलाखतीत मला पॅसिव्ह व्हॉइस शिकवायला सांगितले होते. मी फळ्यावर कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करून दाखवली, सहाय्यक क्रियापदांचा तक्ता काढला, आणि दहा मिनिटे अखंड बोललो. शेवटी बसलेल्या एका वृद्ध सदस्यांनी शांतपणे विचारले, ‘पण सर, असे बोलायचे तरी कशासाठी?’ माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ती जागा मला मिळाली नाही. उत्तर पुढे वर्गात मिळाले. खिडकीची काच फुटली होती. कोणी फोडली असे विचारले तर मुले एका सुरात म्हणाली, ‘सर, काच फुटली.’ व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने ‘फुटली’ हा कर्मणी प्रयोग नव्हे, हे तुला ठाऊक असेलच. परंतु करणाऱ्याचे नाव झाकायचे असते किंवा ते महत्त्वाचे नसते तेव्हा माणसे वाक्य फिरवतात, ही गोष्ट त्या दिवशी सातवीच्या वर्गाला तक्त्याशिवाय समजली.

उच्चारांचेही तसेच आहे. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोहोंना आपण एकच ‘व’ लावतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर) आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर येतो, याकडे आपले लक्षच जात नाही. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाच, मोबाइलवर ध्वनिमुद्रित कर आणि स्वतःचे ऐक. पहिले चार दिवस ऐकवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जाहिरातीची वाट पाहून अभ्यासाला लागू नकोस. पहिली टीएआयटी डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी थेट 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसरी 2025 च्या मे-जूनमध्ये. मधल्या पाच वर्षांत कित्येकांचा अभ्यासही सुटला आणि उमेदही. म्हणून मिळेल ते काम, शिकवणी असो वा तासिका तत्त्वावरची नोकरी, हातात ठेव. दरम्यान जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, गुणपत्रके यांवरील नावांची स्पेलिंग एकमेकांशी जुळवून पाहा. पोर्टलवर आपल्या माहितीचे स्वप्रमाणपत्र भरताना ऐनवेळी होणारी धावपळ मी अनेकांची पाहिली आहे.

येत्या रविवारी दुपारी चारनंतर घरी ये. आठवीच्या पुस्तकातला कोणताही एक पाठ निवडून वीस मिनिटांचा तास पूर्ण इंग्रजीतून घ्यायचा आहे. विद्यार्थी म्हणून मी आणि शेजारची दोन मुले बसू. त्यांतल्या धाकट्याला काहीही समजले नाही तर तो स्पष्ट सांगतो, म्हणून त्याला मुद्दाम बोलावले आहे. खडू घरात आहे, फळा मात्र लहान आहे.

तुझा,
सर