वाचकांचे प्रश्न : टाकीतली खडी बदलल्यावर गोल्डफिश आजारी का पडतात?

प्रश्न : आमच्याकडे अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच काचेची टाकी असून तिच्यात चार गोल्डफिश आहेत. दोन वर्षे ते उत्तम होते. तळाच्या रंगीत खडीचा रंग सुटू लागल्यामुळे गेल्या रविवारी ती सगळी काढून टाकली, टाकी घासून स्वच्छ केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून धुतला आणि गिरणा नदीची चाळलेली वाळू घालून नवे पाणी भरले. पाणी नितळ आहे. तरीही चौथ्या दिवसापासून मासे तोंड वर काढून हवा घेतात, एकाने पर अंगाशी मिटून घेतले आहेत आणि दुसऱ्याच्या शेपटीत लाल रेषा दिसतात. दुकानदार निळे औषध टाकायला सांगतो. टाकावे का?
— एक वाचक, भडगाव

उत्तर : औषध टाकू नये. अंक हाती पडेपर्यंत मासे थांबणार नाहीत, म्हणून तातडीच्या सूचना आपल्याला फोनवर दिल्याच होत्या. येथे त्यांची कारणे सविस्तर देत आहे, कारण याच आशयाची पत्रे दर उन्हाळ्यात येतात.

आपले मासे बहुधा रोगाने नव्हे, तर स्वतःच्याच उत्सर्गाने बेजार झाले आहेत. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो आणि उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. मुरलेल्या टाकीत एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि हे नायट्रेट पाणी बदलताना निघून जाते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते खडीच्या प्रत्येक दाण्यावर, फिल्टरच्या स्पंजात आणि काचेवरच्या बुळबुळीत थरात चिकटून राहतात. आपण एकाच सकाळी खडी फेकली, काच घासली आणि स्पंज ब्लीचिंग पावडर घातलेल्या नळाच्या पाण्यात पिळला, म्हणजे दोन वर्षांत उभी राहिलेली सगळी व्यवस्था एका दमात मोडली. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळ दिसण्यावरून काहीच ठरत नाही.

आपल्या भागात हा त्रास अधिक तीव्र होतो, त्याला दोन कारणे आहेत. खानदेशातल्या बहुतेक बोअरचे पाणी जड असते. टाकीच्या काचेवर पाण्याच्या रेषेशी जो पांढरा क्षार धरतो तो त्याचाच पुरावा. असे पाणी अल्कधर्मी असते आणि अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या सामूवर (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) अवलंबून असते : २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर सामू ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांच्या वर जातो. तापमान चढले की तो आणखी वाढतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला, कार्पच्या कुळातला मासा आहे. वैशाखात आपल्या घरातही जो उकाडा असतो तो त्याला निरोगी असतानाही नकोसा होतो, मग कल्ले पोळलेले असताना काय होत असेल याची कल्पना करावी.

आता उपाय. दोन-तीन दिवस खाणे पूर्ण बंद ठेवावे. धडधाकट गोल्डफिश आठवडाभरही उपाशी सहज राहतो, त्यामुळे घरातल्या मुलांची समजूत घालणे हेच यातले अवघड काम. रोज सकाळी टाकीतले सुमारे ३० टक्के पाणी बदलावे. सकाळीच, कारण गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते. नळाचे पाणी असल्यास अँटी-क्लोरीनचे थेंब टाकूनच घ्यावे. बोअरचे असल्यास रात्री बादलीत भरून त्यात हवेच्या पंपाची नळी सोडून ठेवावी. हवेचा पंप टाकीत अहोरात्र चालू हवा, आणि वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप घरात असावाच.

पुढे अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटवते, पण पाण्यात मीठ असेल तर मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतच अडवतो. आपल्या टाकीची मापे पाहता वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून तिच्यात सुमारे ९५ लिटर पाणी बसत असावे. लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने ९५ ग्रॅम खडे मीठ तांब्याभर पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडे थोडे सोडावे. मीठ उडून जात नाही. म्हणून ३० लिटर पाणी बदलले तर ३० ग्रॅमच पुन्हा घालावे, पूर्ण माप नव्हे. टाकीत वनस्पती असतील तर त्यांना हे मानवणार नाही.

निळ्या औषधाला, म्हणजे मिथिलीन ब्लूला, माझा विरोध एवढ्यासाठीच आहे की ते नव्याने धरू पाहणाऱ्या जिवाणूंनाही मारते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः नेमके हेच केले होते. पाणी सुंदर निळे झाले, मासे दोन दिवस बरे वाटले आणि मग दीड महिना टाकी ताळ्यावर आली नाही. औषधाच्या पैशात अमोनिया व नायट्राइट तपासण्याचा संच घ्यावा. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य आले की नेहमीचा क्रम सुरू करावा. त्याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. कुणा ओळखीच्याकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज मागून आणावा, ओला असतानाच. तो आपल्या फिल्टरमध्ये बसवला तर हा काळ बराच कमी होतो.

वाळूची आपली निवड मात्र चांगली आहे. गोल्डफिश तोंडभर वाळू घेतो, आत चाळतो, खाण्याजोगे ठेवतो आणि उरलेली तोंडातून व कल्ल्यांमागून भुरभुर सोडतो. रंगीत खडीवर आपल्याला हे कधी पाहायला मिळाले नसेल. थर २ ते ३ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. मी एकदा चार बोटे जाड थर ठेवला होता आणि तो उकरताच सडक्या अंड्यांचा जो वास आला तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हा वायूही विषारीच. आठवड्यातून एकदा बोटाने वाळू हलवीत जावी. नदीच्या वाळूत चुनखडी असू शकते. मूठभर कोरड्या वाळूवर लिंबाचा रस पिळावा. फसफसली तर चुना आहे असे समजावे. त्याने गोल्डफिश मरत नाही, पण सामू चढाच राहतो, आणि चढ्या सामूत अमोनियाचे काय होते ते वर आलेच आहे.

पुन्हा कधी तळ बदलायचा झाला तर एकतृतीयांश भाग काढून दोन आठवडे थांबावे, मग पुढचा भाग काढावा. जुनी खडी टाकायची घाई असेलच तर तिच्यातली दोन-तीन मुठी मलमलीच्या पुरचुंडीत बांधून महिनाभर टाकीतच, फिल्टरच्या प्रवाहापाशी ठेवावी. त्या महिन्यात फिल्टरला हात लावू नये. एरवीही स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा दाबून.

प्रश्न : बारीक खडी गोल्डफिशच्या तोंडात अडकते का? आमच्या माशाचे तोंड कालपासून उघडेच आहे.
— एक वाचक, धुळे

उत्तर : अडकते, विशेषतः वाटाण्याएवढी. बहुतेक वेळा मासा काही तासांत ती स्वतःच थुंकतो. कालपासून निघाली नसेल तर चिमट्याने ओढाओढ न करता मत्स्यपालनाची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे. तळाला एकतर वाळू असावी, नाहीतर माशाच्या तोंडात मावणारच नाहीत असे गोटे.

भडगावच्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. मासे सावरू लागल्यावर त्यांच्या परांच्या कडांवर किंवा अंगावर काळे डाग उमटण्याची शक्यता आहे. अमोनियाने पोळलेली त्वचा भरून येताना असे होते. त्यावरही औषध नको, काही आठवड्यांत ते आपोआप फिके पडतात.