पोच घेतलीस का?

प्रिय मुली,

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘सर, वायडी लागली. स्कॉलरशिप गेलीच, तर इंजिनिअरिंग सोडून बीएच करते.’ दोन वेगळ्या गोष्टींची तू अशी निरगाठ मारून ठेवलीस की सोडवता सोडवता माझा चहा गार झाला.

वायडी, म्हणजे वर्ष गेलं, म्हणून रागावणार नाही. परीक्षेच्या वेळी डेंग्यूने आठ दिवस सलाईनवर होतीस, हे मला ठाऊक आहे. कॉलेजला ठाऊक आहे का? कागदावर? ‘मॅडमना सांगितलं होतं’ हे उत्तर देऊ नकोस. सांगितलेलं वाऱ्यावर जातं. अर्ज दिलास का, आणि पोच घेतलीस का?

आपल्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीची केंद्राची 2010 ची नियमावली माझ्याकडे अजून आहे, कोपरे दुमडलेली. इंजिनिअरिंग तिच्यात पहिल्या गटात येतं. या गटातला विद्यार्थी पहिल्यांदा नापास झाला तर शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवता येते. दुसऱ्यांदा झाला की मात्र वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च ज्याचा त्याने करायचा. आजारपणामुळे परीक्षाच हुकली तर त्याला निराळं कलम आहे: डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि परीक्षेला बसली असती तर पास झाली असती असा प्राचार्यांचा दाखला. एटीकेटी घेऊन, म्हणजे काही विषय राहूनही, वर गेलेल्यांना त्या वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळते, तेही तिथेच लिहिलंय. पुढे या नियमांत सुधारणा झाल्या, तेव्हा चालू वर्षाची प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयातून मागून घे. अर्ज देऊन. पोच घेऊन.

आता कोर्स बदलण्याचं. त्याच नियमावलीप्रमाणे शासनाची पूर्वपरवानगी न घेता विषय किंवा कॉलेज बदललं तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तर दिलेली रक्कम परत मागता येते. ‘पूर्व’ या शब्दाखाली मी लाल रेघ मारून ठेवली आहे. म्हणजे ज्या वायडीला घाबरून तू पळते आहेस तिच्यातून वाट निघते, आणि पळून जिकडे चालली आहेस तिकडे न विचारता गेलीस तर वसुली मागे लागू शकते. बीए करावंसं खरंच वाटत असेल तर जरूर कर, मीही केलं. पण आधी परवानगी, मग टीसी.

आणि नव्या कॉलेजात घाईघाईने पैसे भरू नकोस. यूजीसीच्या 2018 च्या परतावा नियमात प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर 15 दिवसांत प्रवेश रद्द केला तर 80 टक्के फी परत, 30 दिवसांपर्यंत 50, त्यानंतर भोपळा, असं होतं. चालू वर्षाचा नियम विचारून घे. अर्ज कोणत्या दिवशी दिलास ते तू कशावरून सांगणार? शिक्क्यावरून.

1987 साली मी सायन्सच्या दुसऱ्या वर्षातून बीएला गेलो. हेडक्लार्कना तोंडी सांगितलं, ते ‘हो हो, बघतो’ म्हणाले. पुढच्या वर्षी घरी वसुलीचं पत्र. मी कार्यालयात जाऊन ‘सांगितलं होतं’ म्हणालो, तर त्यांनी आवक रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. त्या महिन्याच्या पानांवरून मी दोनदा बोट फिरवलं. माझं नाव नव्हतं. ती रक्कम फेडायला दीड वर्ष छापखान्यात रात्रपाळी केली, आणि सकाळच्या लेक्चरला शेवटच्या बाकावर झोपलो. माझा सेकंड क्लास तिथे गेला. बुद्धी कमी पडली असं आमचे बंधू अजून म्हणतात, म्हणोत.

तेव्हापासून मी पोचेशिवाय कागद देत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला पाणीगळतीचं पत्र दिलं तरी दुसऱ्या प्रतीवर सही घेतो. घरात हसतात. हसू देत. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही रजेवर कुणाला बोट ठेवता आलं नाही.

एक सांगायचं टाळत होतो. तुझ्यासारखाच एक मुलगा माझ्या केबिनमध्ये आला होता. फी अडकली होती, पोच नव्हती. मी त्याला अर्धा तास झापलं. दोन जिने उतरून त्याच्याबरोबर ऑफिसात गेलो असतो तर दहा मिनिटांत तारीख टाकून नवा अर्ज घेतला असता त्यांनी, तिथला क्लार्क माझ्या ओळखीचा होता. तो मुलगा परत आला नाही. मी बोललो त्यात खोटं काही नव्हतं. आणि मला माणसं जोडता येत नाहीत, कागद जोडता येतात, हे तू एव्हाना ओळखलंच असशील. पण जिने दोनच होते.

तेव्हा मंगळवारी ये. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, गेल्या वर्षीची मार्कशीट आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरच्या अर्जाची प्रिंट आण. अर्ज तूच लिही, प्राचार्यांच्या नावे, एका पानात. ‘कृपाळू होऊन’ वगैरे नको. परीक्षेच्या तारखा, ॲडमिट असल्याच्या तारखा आणि काय हवंय ते. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघेन. मूळ प्रत त्यांची, झेरॉक्स तुझी. झेरॉक्सवर जांभळा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही. तारीख तिथल्या तिथे वाच, पुष्कळदा शिक्का आदल्या दिवसावरच राहिलेला असतो.

खिडकी साडेदहाला उघडते. मी सव्वादहाला बाहेरच्या बाकावर असेन.

तुझा,
सर