वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची बाजारहाट

प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीय ग्राहक ताजा भाजीपाला कमी आणि तयार पदार्थ जास्त घेतात, असे वाचनात आले. ही त्यांची आवड समजायची की गरिबी?

उत्तर : आवडीवर बोट ठेवण्यापूर्वी त्यांच्या स्वयंपाकघराकडे पाहावे, असे मला वाटते. कॉलर्ड या कोबीच्या कुळातील पालेभाजीची जाड पाने, भेंडी, चवळी आणि रताळी यांवर ही पाकपरंपरा उभी आहे. त्यांतील भेंडी आणि चवळी गुलामांच्या व्यापाराबरोबर आफ्रिकेतून अमेरिकेत पोहोचली. आजही अनेक घरांत नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी आणि कॉलर्ड शिजते. ज्या समाजाचा सण पालेभाजीशिवाय साजरा होत नाही, त्याला भाजी आवडत नाही असे कसे म्हणावे?

खरा प्रश्न दुकानाचा आहे. साधारण 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून बाहेर पडले आणि त्यांतील बहुसंख्य उत्तरेच्या शहरांत स्थायिक झाले. 1930 च्या दशकात तिथल्या सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या कर्ज देण्यास ‘धोक्याच्या’ म्हणून लाल रंगात दाखवल्या गेल्या. घरांच्या व्यवहारातील भेदभावावर कायद्याने बंदी आली ती 1968 मध्ये. पण गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, तशी मोठी किराणा दुकानेही त्यांच्यामागे गेली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या कृष्णवर्णीयबहुल पूर्व भागातील रहिवाशांना अनेक वर्षे मागणी केल्यावर 2003 मध्ये एक सुपरमार्केट मिळाले. 14 मे 2022 रोजी तिथेच वर्णद्वेषी हल्लेखोराने 10 कृष्णवर्णीयांचे प्राण घेतले, आणि शोकात बुडालेल्या त्या वस्तीला जुलैमध्ये दुकान पुन्हा उघडेपर्यंत भाजीसाठीही दूरवर जावे लागले.

तरीही केवळ दुकान उघडल्याने ताट बदलत नाही. जवळ नवे सुपरमार्केट आल्यावरही गरीब कुटुंबांच्या खरेदीत फारच थोडा फरक पडतो, असे अर्थशास्त्रज्ञांच्या 2019 मधील एका मोठ्या अभ्यासात आढळले. पगार, कामाच्या वेळा आणि रांधायला मिळणारी सवड यांचा विचार टाळता येत नाही.

तयार पदार्थांच्या बाबतीत तर सरकारी नियमही आड येतो. ‘स्नॅप’ या अन्नसाहाय्य योजनेच्या पैशांतून, काही अपवाद वगळता, गरम पदार्थ विकत घेता येत नाहीत; भाजलेली कोंबडी थंड असेल तर चालते, गरम असेल तर नाही. दोन पाळ्या करून घरी परतणाऱ्या आईसाठी हा नियम मला अन्यायकारक वाटतो. या योजनेत गोऱ्या लाभार्थींची संख्या कृष्णवर्णीयांपेक्षा अधिक आहे, हेही इथे नोंदवायला हवे.

शिवाय हा समाज एकसारखा नाही. 2020 च्या जनगणनेत मिश्रवंशीय धरून सुमारे 4 कोटी 70 लाख लोकांनी स्वतःला कृष्णवर्णीय म्हटले आहे, आणि त्यांत सुखवस्तू उपनगरवासीही आहेत, हैती-नायजेरियातून आलेली कुटुंबेही. दुकानांची वाट पाहत न बसता काहींनी स्वतःची सहकारी दुकाने काढली : कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या पश्चिम भागात 2009 साली, डेट्रॉइटमध्ये 2024 साली.