तेलुगू काव्यातला श्लेष म्हणजे नुसती शब्दांची कसरत असते का?

नाही हो, मला तरी अजिबात तसं वाटत नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, म्हणून हे मनापासून लिहितोय.

श्लेषाकडे येण्याआधी शब्दांच्या अशाच खेळाचं एक उदाहरण घ्या. "कुंजरयूथंबु दोम कुत्तुक जोच्चेन्", म्हणजे हत्तींचा कळप डासाच्या घशात शिरला. अशी अशक्य ओळ द्यायची आणि कवीनं आधीच्या तीन ओळी रचून तिला अर्थ आणायचा, हे समस्यापूरण. आख्यायिका अशी की तेनाली रामकृष्णाला (हाच तो, ज्यानं पंढरपूरवर पांडुरंगमाहात्म्यमु लिहिलं) ही ओळ महाभारतातला प्रसंग घालून पूर्ण करायला सांगितली. त्यानं रचलं ते असं: शत्रूंना धुळीला मिळवणारे पांडव तेज गमावून विराटाच्या चाकरीला लागले, अरेरे, संजया, काय सांगू, हत्तींचा कळप डासाच्या घशात शिरला!

आता बारकावा बघा. तेलुगूतल्या या छंदात प्रास ओळीच्या शेवटी नसतो, प्रत्येक ओळीतलं दुसरं अक्षर जुळावं लागतं, आणि इथे 'कुंजर'मुळे ते अनुस्वारासकट 'ज' ठरलेलं. म्हणून रंजन, भंजन, संजय. 'अरिभंजन' तर मधोमध तोडलाय, 'अरि' पहिल्या ओळीच्या शेवटी आणि 'भंजन' दुसरीच्या सुरुवातीला. आणि संजय आला की बोलणारा कोण हे न सांगताच समोर धृतराष्ट्र उभा राहतो, ज्याच्या पोरांनीच हे केलं तोच हळहळतोय! नियमानं शब्द दिला आणि शब्दानं माणूस आणला, याला कसरत कसं म्हणायचं?

आता खुद्द श्लेष, म्हणजे त्याच शब्दांतून दोन अर्थ. त्यातला याहून मोठा पल्ला म्हणजे १६व्या शतकातल्या पिंगळी सूरनाचं राघवपांडवीयमु, त्यात तेच पद्य रामायणही सांगतं आणि महाभारतही. दोन अर्थांचं एक पद्य जमणंसुद्धा अवघड, मग अख्खं काव्य, तेही तेलुगूत, असं तो स्वतःच सुरुवातीला म्हणतो. तेलुगूत संधीनं शब्द एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तीच अक्षरं दोन ठिकाणी तोडता येतात, आणि संस्कृत शब्दांचे अनेक अर्थ हाताशी असतातच. रामराजभूषणाचं वसुचरित्रमुही श्लेषासाठी नावाजलेलं, पण ते अर्थ उलगडणाऱ्या टीकेशिवाय वाचायला घेऊ नका.

ऐकायचं असेल तर यूट्यूबवर अष्टावधान (आठ जण कवीला एकाच बैठकीत कोडी घालतात तो कार्यक्रम) शोधा, समस्यापूरण तिथे आजही चालतं, भाषा नाही कळली तरी तो प्रास कानाला बरोबर कळतो.