पुण्यातल्या पंचहौद चर्चचा इतिहास काय आहे? टिळक-रानड्यांचं चहाचं प्रकरण तिथेच झालं होतं का?

हो, ते इथेच झालं. पण चहाचं नंतर सांगतो, आधी चर्चचं. मी याच मंडळीतला, माझा बाप्तिस्माही इथलाच.

गुरुवार पेठेतल्या या जागेत पाण्याचे पाच हौद होते, म्हणून ती पंचहौद. चर्चचं खरं नाव 'पवित्र नाम देवालय'. आमच्या घरी अजूनही 'देवळात चाललो' असंच म्हणतात. इंग्रजांनी पलटणींसाठी चर्च बांधली ती कॅम्पात. हे मात्र १८८५ साली भर पेठेत उभं राहिलं, मराठी बोलणाऱ्या माणसांसाठी. मला या वास्तूचं सगळ्यात मोठेपण यातच वाटतं.

लांबून दिसतो तो मनोरा. तो चर्चला चिकटून नाही, बाजूला सुटा उभा आहे, सुमारे १३० फूट उंच, इटलीतल्या घंटाघरांच्या धर्तीचा. त्यात आठ घंटा आहेत, इंग्लंडात लफबरोच्या टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या. लहानपणी नाताळच्या रात्री मी मुद्दाम मनोऱ्याच्या बुडाशी जाऊन उभा राहायचो. बारक्या घंटांपासून सूर उतरत उतरत यायचा आणि सगळ्यात मोठीचा ठोका पडला की कानाआधी छातीत जाणवायचा.

काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे आमचे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांचं या चर्चच्या मिशनशी जवळचं नातं होतं. इंग्लंडातल्या वाँटेजच्या ज्या सिस्टर्स (ख्रिस्ती जोगिणी) इथे काम करायच्या, त्यांच्याच ओळखीनं पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या.

आता चहा. १८९० साली गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे पती) यांनी टिळक-रानड्यांसकट पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना मिशनमध्ये व्याख्यानाला नेलं. नंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. पुढे गोपाळरावांनीच सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून बहिष्काराचा वाद, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी मित्रांसाठी १८९२ साली घेतलं आणि त्यावरून सुधारकांचेच बोल ऐकले.

ही गोष्ट नेहमी पिणाऱ्यांच्या बाजूनं सांगतात, ते मला खटकतं. ज्यांच्या घरचा घोट घेतल्यानं माणूस बाटतो असं गावभर झालं, ती माणसंही पुण्याचीच होती, याच आवारात राहत होती, मराठीतच प्रार्थना करत होती. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला ती याच पेठेत गेली असतील. त्यांचं कुणी काही लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

१९७० पासून हे चर्च 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त आहे. बघायला आलात तर नुसता मनोऱ्याचा फोटो काढून परत जाऊ नका. रविवारी या, उपासनेला मागच्या बाकावर बसा. कुणी कोण, कुठले म्हणून विचारणार नाही.